गोंदाचे पाच हात

परदेशी शोधनिबंधांत एक वाक्य हमखास सापडतं : 'यानंतर डिश खोलीच्या तापमानाला ठेवावी.' हे वाक्य लिहिणाऱ्याला मी एकदा मे महिन्यात नांदेडला आणून आमच्या प्रयोगशाळेत बसवणार आहे. इथे मे महिन्यात खोलीचं तापमान म्हणजे बेचाळीस अंश. पंखा फिरतो तो फक्त गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला. आणि लाइट गेली की तेवढंही सुख नाही.

माझं सगळं संशोधन बत्तीस अंशांवर उभं होतं, म्हणून हा राग. मी कहकशां. उदगीरच्या नजीर टेलरची थोरली मुलगी. नांदेडला विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. माझ्याकडे जेलचे कण होते, इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. गार पाण्यात ते फुगतात आणि बत्तीस अंशांच्या वर गेले की पाणी सोडून आकसतात. काचेच्या डिशच्या तळाला या कणांचा पातळ थर द्यायचा. डिश अंगाइतकी गरम ठेवली की त्या आकसलेल्या थरावर कातडीच्या पेशी चिकटून वाढतात. मग डिश गार करायची. खालचे कण फुगतात आणि पेशींची अख्खी चादर दुधावरच्या सायीसारखी सुटून वर येते. खरवडायला नको, औषध घालायला नको. उद्या एखाद्या भाजलेल्या माणसाच्या जखमेवर ती तशीच्या तशी ठेवता यावी, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

निबंधांमध्ये ती सुटायची. माझी सुटत नव्हती.

तीन वर्षं झाली होती. दरवर्षी एक समिती येऊन काम तपासायची. त्या समितीत बाहेरचे तज्ज्ञ म्हणून डॉ. मलप्पा असायचे, कलबुर्गीकडचे. माणूस हसायचा नाही. मागच्या खेपेला त्यांनी चष्मा पुसत सांगितलं होतं, "पुढच्या बैठकीत चादर सुटलेली मी स्वतः बघितली पाहिजे. नाहीतर नोंदणी रद्द करा अशी शिफारस करेन." आणि पुढची बैठक मेच्या अखेरीस होती. नोंदणी रद्द म्हणजे तीन वर्षं मातीत.

रद्द झाल्यावर काय करायचं हे मात्र सगळ्यांनी माझ्यासाठी ठरवून ठेवलं होतं. लातूरला कोचिंगमध्ये माझ्याबरोबर बाकावर बसणारा शिवम आता स्वतःच क्लासेसचा मालक झाला होता. त्याच्या इमारतीवर माझ्या घरापेक्षा मोठा फलक होता आणि फलकावर गुलाल लावलेली पोरं. दर पंधरवड्याला त्याचा फोन यायचा. "मॅडम, जूनपासून नवीन बॅच हाय. केमिस्ट्री तुमची. बोला, फलकावर नाव टाकू का?" अब्बा फोनवर फार बोलत नसत, पण शेवटी एवढं विचारायचेच, "पढाई और कब तक चलती बेटा?" त्यांच्या आवाजात राग नसायचा. म्हणून तर ते जास्त लागायचं.

शिकवण्याला मी कमी लेखत नाही. पण मला माझ्या प्रश्नाचं उत्तर हवं होतं, आणि ते न घेता मी जूनमध्ये लातूरच्या वर्गात उभी राहिले असते तर मी त्या पोरांवर विनाकारण ओरडले असते.

आता चूक कुठे होती ते सांगते. ही चूक आमच्या दोघांच्याच हातून होऊ शकत होती, माझ्या आणि माझ्या मार्गदर्शकांच्या.

काच आणि हे जेल, दोन्हींवर एकाच जातीचा विद्युतभार असतो. त्यामुळे कण काचेवर नीट बसतच नाहीत, धुतलं की निघून जातात. म्हणून आधी काचेला उलट्या भाराच्या एका द्रावणाचा हात द्यावा लागतो. आम्ही त्याला सरळ गोंद म्हणायचो. निबंधात लिहिलं होतं, पातळ गोंदाचा एक हात द्या. आम्ही दिला. त्यावर जेलचा थर चढवला आणि डिश माझ्या मार्गदर्शकांकडे, हणमंतराव सरांकडे नेली.

सर निलंग्याकडचे. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा ते अकरावीत होते, लातूरच्या वसतिगृहात. सकाळी गावी पोचले तर घराच्या जागी दगडांचा ढीग. वडील आणि धाकटा भाऊ त्या ढिगाखाली. आई, केवळाबाई, त्या रात्री उकडतंय म्हणून अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये झोपल्या होत्या, त्या वाचल्या. सर याविषयी बोलत नसत, पण त्यांच्या वागण्यात ते होतंच. कपाट भिंतीला ठोकलेलं पाहिजे. बाटल्या फळीवर पट्ट्याने बांधलेल्या पाहिजेत. कुठलीही वस्तू हातात दिली की सर आधी ती हलवून बघायचे.

माझी डिशही त्यांनी तशीच तपासली. नळाखाली धरली आणि नळ पूर्ण सोडला. कडेचा थोडा थर निघून गेला.

"कच्चं हाय," सर म्हणाले. "बूडच पक्कं न्हाई तर वर काय उभं राहणार? पुन्हा कर."

आणि मी कोण? मी लातूर पॅटर्नची. आम्हाला एक गणित पाचदा सोडवायला सांगितलं तर आम्ही पन्नासदा सोडवतो. जे कच्चं आहे ते पुन्हा, जे पक्कं आहे ते पुन्हा पुन्हा. सरांनी 'पक्कं कर' म्हटल्यावर मी काय करणार होते? गोंद घट्ट घेतला. एक हात, वाळवला, भट्टीत शेकला. दुसरा हात. तिसरा. पाच हात झाल्यावर जेल चढवलं. त्या डिशवर सरांनी नळ सोडला, तर कणही हलला नाही. सरांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आपण बोर्डात आलो. तेव्हापासून आमची पद्धत ठरली : पाच हात, नळाची परीक्षा. नापास डिश टाकाऊच्या खोक्यात.

आमच्या पास झालेल्या डिशवर पेशी सुंदर वाढायच्या, आणि गार केल्यावर ढिम्म हलायच्या नाहीत. मग आम्ही जेल बदलायचो. कण लहान केले, मोठे केले, मऊ केले, कडक केले. तीन वर्षं आम्ही जेलला बोल लावत होतो. खालच्या गोंदाकडे कोणी बघितलंच नाही, कारण तो पास झाला होता.

पेशी वाढवायचं काम पुनमचं. ती मुदखेडची, शेजारच्या जैवतंत्रज्ञान विभागातली. तिच्या खोलीला एसी होता. पेशींना मिळतो, रसायनवाल्यांना नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात ती तणतणत माझ्याकडे आली.

"तुझ्या डिशेस काय लायकीच्या हाय गं? सगळी मेहनत वाया घालवून राहिली तू माझी!"

"काय झालं?"

"पेशी गेल्या. सगळ्या. एका दमात उचलल्या गेल्या, बघ तरी."

झालं होतं असं. चांगल्या डिश संपल्या म्हणून तिने माझ्या टाकाऊ खोक्यातली एक उचलली होती, तिच्या स्वतःच्या कसल्यातरी कामासाठी. पेशी वाढल्या. त्या दिवशी लाइट जाऊन येऊन होती, द्रावण कोमट करायचं यंत्र बंद, म्हणून तिने फ्रीजमधलं तसंच गारेगार ओतलं. आणि दोन घोट चहा होईपर्यंत आठवड्याची वाढ तळ सोडून वर तरंगायला लागली.

मी डिश उजेडात धरली. गुलाबी द्रावणात एक पांढुरकी चादर अलगद डुलत होती. एकसंध. एका कडेला मुडपलेली.

"पुनम," मी म्हटलं, "ही कुठली डिश?"

"सांगितलं ना, खोक्यातली. तुझी नापास."

मी तिला मिठी मारली. तिला वाटलं मला ऊन लागलं.

ती डिश एका हाताची होती, पहिल्या दिवसांतली. म्हणजे जेल ठीक होतं! तीन वर्षं ते बिचारं फुगायला तयार होतं, आणि आम्ही त्याला खालून इतकं आवळून धरलं होतं की त्याला फुगता येत नव्हतं. घट्ट गोंदावर पडलेला कण गोल राहतच नाही. भाकरी थापल्यासारखा सपाट होऊन तळाला चिकटतो. मग तो गार होवो की गरम, त्याच्याने हलवतं कुठे?

पण हे माझ्या मनातलं झालं. पुरावा पाहिजे. पेशींना आठवडा लागतो, म्हणून मी पाण्याच्या थेंबावर गेले. कण फुगले असतील तर थेंब पसरतो, आकसले असतील तर तो टम्म उभा राहतो. उघडी काच, एक हात, दोन, तीन, पाच, शिवाय गोंद न लावलेलं प्लास्टिक, असे सगळे पृष्ठभाग घेतले, सगळ्यांवर तेच जेल. बर्फावर ठेवून थेंबाचा फोटो काढला, गरम पट्टीवर ठेवून काढला. फोटो माझ्या मोबाइलवरचेच. एका हातावर थेंब गारव्यात पसरला, गरमीत उभा राहिला. दोन हातांवर फरक कमी. पाच हातांवर दोन्ही फोटो इतके सारखे, की मीच गोंधळले कुठला कुठला ते. उघड्या काचेवर जेल धुऊन गेलेलं, नुसते ठिपके उरलेले. आणि प्लास्टिकवर गंमत : जेल आपलं आपणच बसलं होतं, फुगतही होतं, फक्त सावकाश. जेल तेच. खालची जमीन बदलली की त्याचा स्वभाव बदलत होता. माझा प्रबंध तो हाच, हे तेव्हा मला लख्ख दिसलं.

आता हे सरांना सांगायचं होतं.

सरांनी फोटो बघितले. बराच वेळ बघितले. मग म्हणाले, "हे सगळं ठीक हाय. पण एका हाताचा थर नळाखाली टिकत न्हाई. जे टिकत न्हाई ते मी समितीपुढं ठेवणार न्हाई."

"सर, जखमेवर कोण नळ सोडणार आहे?"

"बूड पक्कं पाहिजे, कहकशां."

"पक्कं पक्कं करूनच तीन वर्षं गेली सर!"

"माझ्याशी आवाज चढवू नको."

आणि मग मी ते बोलले. मला थांबता आलं असतं, पण मी थांबले नाही. "सर, तुमचं घरही पक्कंच होतं ना? दगडाचं? ते पडलं. पत्र्याचं शेड उभं राहिलं."

सरांनी मोबाइल टेबलावर ठेवला, चप्पल घातली आणि ते निघून गेले. पुनम दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. मी माझ्या जागेवर बसून राहिले. शिवमचा फोन आला तो उचलला नाही. सर आले नाहीत तर समितीपुढे मी एकटी काय करणार होते? मार्गदर्शकाच्या सहीशिवाय तर डिशसुद्धा टेबलावर ठेवता येत नाही. मला भीती वाटत होती, आणि बोलले ते चुकीचं होतं असंही वाटत नव्हतं. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर माझ्या आधी प्रयोगशाळेत होते. गावाहून थेट आले होते, पायांवर धूळ होती.

"बस," सर म्हणाले. "आमचं घर पक्कं न्हवतं. जड होतं. हातभर जाडीच्या भिंती, मातीत रचलेल्या, वर मातीचं माळवद. आम्ही पोरं त्याला पक्कं म्हणायचो, कारण जाड दिसायचं. काल गावात जाऊन आईपाशी बसलो. तिला तुझं बोलणं सांगितलं."

मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"म्हणाली, पोरगी खरं बोलली, वर तुलाच राग आला व्हय?" सरांनी तोंड फिरवलं. "जड आणि पक्कं यात फरक हाय. एवढा फरक मला पोरांना शिकवता येतो, आणि माझ्याच डिशमध्ये दिसला न्हाई. आपण तो थर जड केला. चल, एका हाताच्या डिशेस करू. आणि कडेचा थर का निघतो ते बघू."

कडेचा थर निघत होता कारण आम्ही डिश उभी करून वाळवत होतो आणि गोंद ओघळून एका बाजूला जमत होता. आडवी ठेवून वाळवली, काम झालं. एवढंसं ते. पण ते बघायला आम्हाला नळ बंद करावा लागला.

समिती मेच्या शेवटच्या आठवड्यात आली. बैठक पुनमच्या एसीच्या खोलीत ठेवली होती, कारण पेशी तिथे होत्या. सूक्ष्मदर्शकातलं चित्र भिंतीवरच्या टीव्हीवर दिसेल अशी तिने सोय केली होती. टेबलावर गरम पट्टीवर तीन डिश : उघड्या काचेची, एका हाताची, पाच हातांची. तिन्हींवर तेच जेल, त्याच पेशी, एकाच दिवशी घातलेल्या.

मी एका हाताची डिश पुढे घेतली आणि गार द्रावण ओतलं. टीव्हीवर पेशी फरशीसारख्या एकमेकींना भिडून बसलेल्या दिसत होत्या. काही क्षण काहीच नाही. मग कडेला एक बारीक रेघ उजळली. ती रेघ रुंद झाली. कड मुडपली, आणि मग अख्खी चादर एखादी झोपलेली बाई कूस बदलते तशी हळूच वर आली. पुनमने माझ्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी निळं पडलं.

डॉ. मलप्पा टीव्हीच्या अगदी जवळ गेले. "मेलेल्या पेशीसुद्धा सुटतात, मॅडम."

"मेलेल्या निळ्या होतात, सर," पुनम म्हणाली. तिने चादरीवर निळा रंग सोडला आणि पुन्हा द्रावणाने धुऊन काढला. चादर होती तशीच पांढरी राहिली. "ह्या जित्या हाय."

डॉ. मलप्पा खुर्चीत परत बसले. "छान. पण एक डिश सुटली. नोडी, म्हणजे बघा मॅडम, एकदा कशानेही सुटू शकतं. नशिबानेही. मी एवढ्यावर सही करणार नाही."

माझं डोकं भडकलं. तीन वर्षं सुटत नव्हती तेव्हा ती माझी चूक, आणि सुटली तर ते नशीब? मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी पाच हातांच्या डिशकडे बोट दाखवलं.

"ही तुमची जुनी पद्धत ना? मागच्या अहवालात तुम्हीच लिहिलं होतं, सगळ्यात मजबूत. जेल तेच, पेशी त्याच. मग हिच्यावर दाखवा."

सर उठून उभे राहिले. समितीपुढे ते नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी नाही बोलले.

"ती सुटणार न्हाई," सर म्हणाले. "तीन वर्षं मीच तिला मजबूत करून घेतली. खालून लई आवळलीय. माझी शिष्या सांगेल काय होणार ते. आधी ऐका, मग ओता."

मला सरांकडे बघवेना, बघितलं असतं तर रडले असते. मी डॉ. मलप्पांकडेच बघत बोलले. "पाच हातांची डिश कितीही गार करा, एकही पेशी हलणार नाही. कड पण उचलणार नाही. उघड्या काचेवर चादर अख्खी येणार नाही, तुकडे येतील, जिथे जेलचे ठिपके उरलेत तिथूनच. आणि एका हाताच्या माझ्याकडे अजून डिश आहेत, पेशी उबेत ठेवायच्या त्या मशीनमध्ये. तुमच्या मनाने कुठलीही उचला, ती सुटेल. तुम्ही स्वतः ओता, सर. मी हात लावत नाही."

त्यांनी बाह्या दुमडल्या. आधी काच घेतली. तुकडे आले, फाटकी लक्तरं. मग मशीन उघडून त्यांनी अगदी मागची, कोपऱ्यातली डिश काढली. ती चादर माझ्या पहिल्या चादरीपेक्षाही सुरेख सुटली, मलाही इतकी अपेक्षा नव्हती. मग पाच हातांची. त्यांनी गार द्रावण ओतलं आणि सगळे टीव्हीकडे बघत राहिले. पेशी होत्या तिथेच. त्यांनी जुनं द्रावण काढून पुन्हा गार ओतलं. काही नाही. डिश बर्फात ठेवली. आम्ही थांबलो. डिशला टिचकी मारली, हलवली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. कडेची एक पेशीही उठली नाही.

मी परीक्षांमध्ये वाढलेली मुलगी. जे जमलं नाही त्याला शून्य, हे मला पाठ होतं. आणि आज एका डिशमध्ये काही जमू नये म्हणून मी मनातल्या मनात दुवा मागत होते, आणि ते जमत नव्हतं, अगदी मी सांगितलं होतं तसं जमत नव्हतं!

डॉ. मलप्पांनी डिश खाली ठेवली. "कधी सुटेल हे तर सगळेच सांगतात," ते म्हणाले. "कधी सुटणार नाही हेही तुम्ही सांगितलं. मग नशीब कुठे राहिलं? लिहायला घ्या, मॅडम. प्रबंध लिहायला घ्या." आणि त्यांनी टाळी वाजवली. आधी त्यांनी एकट्यानेच, मग सगळ्यांनी.

"जिंकलो, सर!" मी ओरडले, भर समितीपुढे, उदगीरच्या बाजारात ओरडावं तशी. सर हसत होते आणि डोळे पुसत होते. टीव्हीवर पाच हातांच्या डिशमध्ये अजूनही काहीच घडत नव्हतं, आणि टाळ्या थांबत नव्हत्या.